लिनक्स संगणकाचे अपडेट: एकदाच करायची, पण समजून करायची मांडणी

संगणकावर लिनक्स वापरणाऱ्याला एक अधिकार आपसूक मिळतो. अपडेट कुठून घ्यायचे, कधी घ्यायचे आणि कोणते टाळायचे हे स्वतः ठरवण्याचा हा अधिकार होय. प्रत्यक्षात मात्र तो बहुधा वापरलाच जात नाही. काही जण लिनक्स बसवताना जी मांडणी होती तीच वर्षानुवर्षे चालू ठेवतात, तर काही जण डेटा वाचवण्यासाठी किंवा एखाद्या अपडेटने काही बिघडले म्हणून सगळी अपडेट्स बंद करून टाकतात आणि पुढे ती बंद आहेत हेही विसरून जातात. या दोहोंच्या मधला मार्ग अवघड नाही. मात्र त्यासाठी अपडेट नेमके कसे येते, त्याची खातरजमा कशी होते आणि बिघाड झाल्यास मागे कसे फिरता येते, एवढे समजून घ्यावे लागते. ही समज एकदा आली की मांडणी अर्ध्या तासात होते आणि पुढची कित्येक वर्षे टिकते.

भांडार आणि विश्वासाची साखळी

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता कर्नलचे, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काम करणाऱ्या गाभ्याचे आहे, आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये त्याची सुरुवात केली. या कर्नलभोवती हजारो प्रोग्राम जुळवून, तपासून, एकत्र बांधून जी वापरण्याजोगी प्रणाली दिली जाते तिला डिस्ट्रो म्हणतात. इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेली डेबियन ही जुन्या डिस्ट्रोंपैकी एक असून 2004 मध्ये आलेली उबुंटू तिच्यावर आधारलेली आहे आणि लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे, त्यामुळे या कुळातली अपडेटची यंत्रणा एकदा समजली की ती यांपैकी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. येथील विवेचनासाठी उबुंटूची 24.04 ही आवृत्ती मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे.

या कुळात प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपाने येतो. पॅकेज म्हणजे प्रोग्रामच्या फाइली, त्याचा आवृत्ती क्रमांक, तो चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी आणि तो बसवताना करायच्या कामांच्या सूचना यांचा एकत्र गठ्ठा. असा एखादा गठ्ठा उघडून संगणकावर बसवण्याचे काम ‘डीपीकेजी’ हा प्रोग्राम करतो. पण त्याला पूरक पॅकेजे शोधून आणता येत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी ‘एपीटी’ ही यंत्रणा तयार झाली आणि 1999 मध्ये डेबियनच्या 2.1 या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली. इंटरनेटवरच्या भांडारांत कोणती पॅकेजे आहेत, त्यांपैकी कोणती संगणकावरच्या पॅकेजांहून नवी आहेत आणि ती बसवण्यासाठी आणखी काय लागेल, याचा सगळा हिशेब एपीटी करते.

टर्मिनलमधून अपडेट करणाऱ्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा भांडारातील पॅकेजांची यादी ताजी करते, संगणकावरचे एकही पॅकेज बदलत नाही. प्रत्यक्ष नवी पॅकेजे उतरवून बसवण्याचे काम त्यानंतरची ‘सुडो एपीटी अपग्रेड’ ही आज्ञा करते. पहिली आज्ञा देऊन थांबणारा वापरकर्ता संगणक अद्ययावत झाला असे समजतो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतात.

भांडारातून आलेली वस्तू खरी आहे हे संगणकाला कसे कळते, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. प्रत्येक भांडारात एक मुख्य सूची असते आणि तिच्यावर डिस्ट्रोची डिजिटल स्वाक्षरी असते. या मुख्य सूचीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरात एक अक्षर बदलले तरी पूर्णपणे बदलणारे गणिती ठसे, नोंदवलेले असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. संगणकावर आधीपासून असलेल्या किल्लीने स्वाक्षरी पडताळली की तिच्या आधारे याद्या आणि याद्यांच्या आधारे प्रत्येक पॅकेज पडताळले जाते. त्यामुळे भांडाराची प्रत जगातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या सर्व्हरवर असली तरी वाटेत केलेली भेसळ उघडी पडते. हे रक्षण भक्कम असले तरी अभेद्य नाही. जानेवारी 2019 मध्ये खुद्द एपीटीतच असा दोष सापडला की नेटवर्कच्या वाटेवर बसलेल्या हल्लेखोराला त्याचा फायदा घेऊन बनावट पॅकेज पुढे सरकवता आले असते, आणि त्यावरचा उपाय बसवताना काय काळजी घ्यावी याच्या वेगळ्या सूचना डेबियनला द्याव्या लागल्या. म्हणून अपडेट आणणारी यंत्रणाही वेळोवेळी अद्ययावत व्हावी लागते.

कोणत्या शाखेतून काय घ्यावे

उबुंटूच्या भांडाराची विभागणी दोन प्रकारे केलेली आहे. पहिली विभागणी पॅकेज सांभाळतो कोण आणि त्याचा परवाना कोणता यावरून होते. ‘मेन’ विभागातील मुक्त सॉफ्टवेअरची जबाबदारी उबुंटूमागची कॅनॉनिकल ही कंपनी घेते, ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये मुख्यतः यंत्रभागांचे बंदिस्त ड्रायव्हर असतात, ‘युनिव्हर्स’ हा अवाढव्य विभाग प्रामुख्याने स्वयंसेवकांचा समुदाय सांभाळतो आणि ‘मल्टिव्हर्स’मध्ये परवान्याच्या अटी असलेली पॅकेजे येतात. ‘युनिव्हर्स’मधील पॅकेजांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी साध्या व्यवस्थेत नसते, ती ‘उबुंटू प्रो’ या सेवेतून मिळते आणि वैयक्तिक वापरासाठी ही सेवा 5 संगणकांपर्यंत विनामूल्य आहे. घरगुती वापरकर्त्याने ती चालू करून घेणे हिताचे आहे.

दुसरी विभागणी पॅकेज भांडारात कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी आले यावरून होते. आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हाची मूळ पॅकेजे एका शाखेत गोठवलेली असतात. ‘सिक्युरिटी’ शाखेत सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, ‘अपडेट्स’ शाखेत इतर बिघाडांच्या दुरुस्त्या येतात, ‘बॅकपोर्ट्स’मध्ये पुढच्या आवृत्तीतील काही प्रोग्राम जुन्या आवृत्तीसाठी बांधून दिलेले असतात आणि ‘प्रपोज्ड’ ही शाखा चाचणीसाठी असते. ‘सिक्युरिटी’ आणि ‘अपडेट्स’ या शाखा चालू ठेवण्याविषयी दुमत असू नये आणि ‘प्रपोज्ड’ सामान्य वापरकर्त्याने कधीही चालू करू नये. स्थिर आवृत्तीत दुरुस्ती येते म्हणजे बहुधा प्रोग्राम नवा होत नाही, तर जुन्याच आवृत्तीत नेमका दोषाचा भाग दुरुस्त केला जातो. त्यामुळे आवृत्ती क्रमांक जुना दिसला म्हणून तो प्रोग्राम असुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

आपोआप काय, सवडीने काय

या निवडी ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीतल्या ‘अपडेट्स’ विभागात करता येतात. अपडेट्स आहेत का हे किती दिवसांनी पाहावे, हा तेथील पहिला प्रश्न असून ‘रोज’ हेच त्याचे योग्य उत्तर आहे, कारण पाहणी म्हणजे केवळ याद्या ताज्या करणे. सुरक्षेची अपडेट्स आल्यावर काय करावे, या प्रश्नाला ती फक्त दाखवावीत, आपोआप उतरवून ठेवावीत किंवा उतरवून बसवूनही टाकावीत असे तीन पर्याय मिळतात. यांतला तिसरा पर्यायच स्वीकारावा. उबुंटूमध्ये तो मुळातच निवडलेला असतो. इतर अपडेट्स आठवड्यातून एकदा दाखवली तरी पुरते, म्हणजे वापरकर्ता ती वाचून, हातातले काम संपवून, सवडीने बसवू शकतो. लिनक्स मिंटमध्ये मात्र आपोआप अपडेट बसवण्याची सोय सुरुवातीला बंद असते आणि ‘अपडेट मॅनेजर’च्या पसंतींमध्ये ‘ऑटोमेशन’ विभागात जाऊन ती स्वतः चालू करावी लागते. कितीतरी वापरकर्ते अपडेट्सकडे दुर्लक्ष करतात हे लक्षात आल्यावर मिंटच्या चमूने फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांना अपडेट करण्याचे जाहीर आवाहन केले होते.

उबुंटूच्या खिडकीमागे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ या नावाचा आहे. याद्या ताज्या करायची वेळ झाली का, हे दिवसातून दोनदा पाहिले जाते आणि त्याच्या वेळा मुद्दाम मागेपुढे केलेल्या असतात, जेणेकरून जगभरचे संगणक एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडू नयेत. दुरुस्त्या बसवण्याचे काम सकाळी सहा ते सातच्या दरम्यान ठरलेले असते. त्या वेळी संगणक बंद असेल तर तो सुरू झाल्यावर ते काम हाती घेतले जाते. संगणक सुरू करताच एखादा प्रोग्राम बसवायला गेल्यावर ‘कुलूप मिळाले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो तो बहुधा यामुळेच. पॅकेजांच्या नोंदवहीत एका वेळी एकानेच लिहावे म्हणून हे कुलूप असते आणि ते फाइल पुसून जबरदस्तीने उघडण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जात असला तरी तो धोक्याचा आहे. काही मिनिटे थांबणे हाच योग्य उपाय होय.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांना डेटा संपण्याची चिंता असते आणि ती रास्त आहे. त्यासाठी अपडेट्स बंद करण्याची मात्र गरज नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीवर ‘मीटर्ड’, म्हणजे मर्यादित डेटाची, अशी खूण केली की अनअटेंडेड अपग्रेड्स त्या जोडणीवर अपडेट्स उतरवत नाही आणि घरच्या किंवा कार्यालयाच्या वायफायला जोडल्यावर काम पुन्हा सुरू होते. लॅपटॉप बॅटरीवर चालत असतानाही हा प्रोग्राम मूळ मांडणीनुसार थांबून राहतो. जो लॅपटॉप कायम हॉटस्पॉटवरच चालतो त्याच्या मालकाने मात्र आठवड्यातून एकदा तरी स्वतः अपडेट करण्याचा वार ठरवून घ्यावा.

आणखी एक बाब खिडकीत दिसत नाही. उबुंटूच्या मूळ मांडणीत अनअटेंडेड अपग्रेड्स मुख्यतः उबुंटूच्या स्वतःच्या सुरक्षा शाखांतील दुरुस्त्याच बसवतो. बाहेरच्या भांडारांतून घेतलेले प्रोग्राम तो हाताळत नाही. गुगल क्रोमचे पॅकेज बसवताना त्याच्याबरोबर गुगलचे भांडारही जोडले जाते, पण ते या आपोआप होणाऱ्या कामात मोडत नाही आणि म्हणून ब्राउझरसारखा सर्वाधिक धोक्यात असलेला प्रोग्राम वापरकर्त्याने अपडेटची खिडकी उघडून मान्यता देईपर्यंत जुनाच राहतो. उबुंटूमधला फायरफॉक्स ‘स्नॅप’ या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजातून येतो आणि स्नॅप पॅकेजे दिवसातून चार वेळा तपासून स्वतःच अद्ययावत होतात. ज्यांना ती काही काळ थांबवायची असतील त्यांना ‘होल्ड’ ही सोय उपलब्ध आहे. फ्लॅटपॅक या तिसऱ्या प्रकारच्या प्रोग्रामांची अपडेट्सही एपीटीच्या कक्षेबाहेर असतात. संगणकावरचा प्रत्येक महत्त्वाचा प्रोग्राम कोणत्या वाटेने आला आहे, हे एकदा पाहून ठेवण्याचे महत्त्व यातून लक्षात येते.

बसवले, पण लागू झाले का?

लिनक्समध्ये एखाद्या लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा संकेतसंचाची, फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम स्मृतीतली जुनी प्रतच वापरत राहतात आणि ते बंद करून पुन्हा उघडल्यावरच त्यांना नवी प्रत मिळते. कर्नलचेही तसेच, नवा कर्नल डिस्कवर बसला तरी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालतो. अनअटेंडेड अपग्रेड्स मूळ मांडणीत संगणक स्वतःहून पुन्हा सुरू करत नाही, त्यामुळे महिनोन्महिने फक्त झाकण मिटून ठेवला जाणारा लॅपटॉप कागदोपत्री अद्ययावत आणि प्रत्यक्षात दोषयुक्त अशा अवस्थेत राहू शकतो. ‘रीस्टार्ट आवश्यक’ ही सूचना म्हणूनच गांभीर्याने घ्यावी. उबुंटू प्रोमधील ‘लाइव्हपॅच’ ही सोय कर्नलच्या गंभीर दोषांवरचा उपाय चालू संगणकातच लावते, पण तीही रीस्टार्टला कायमचा पर्याय नाही. फेडोरा या डिस्ट्रोने वेगळा मार्ग पत्करला असून तिच्या सॉफ्टवेअर खिडकीतून घेतलेली प्रणालीची अपडेट्स संगणक पुन्हा सुरू होतानाच, इतर काहीही चालू नसताना, बसवली जातात.

घाई आणि दिरंगाई

दिरंगाईची किंमत काय असते, हे जानेवारी 2022 मधील ‘पंकिट’ प्रकरणाने दाखवून दिले. बहुतेक डिस्ट्रोंत मुळातच असणाऱ्या ‘पोलकिट’ या घटकात 2009 पासून एक दोष दडलेला होता आणि त्याचा फायदा घेऊन संगणकावरचा कोणताही साधा वापरकर्ता सर्वाधिकारी बनू शकत होता. क्वालिस या सुरक्षा संस्थेने तो जाहीर केला तेव्हा प्रमुख डिस्ट्रोंनी दुरुस्त्याही लगेच दिल्या. पण दोषाचा तपशील जगजाहीर झाल्यामुळे अपडेट न घेतलेला प्रत्येक संगणक त्या दिवसापासून पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित झाला. दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे दोषाचा पत्ता प्रसिद्ध होणे, हे सूत्र सुरक्षेच्या प्रत्येक अपडेटला लागू पडते.

याउलट जे सर्वांत नवे ते सर्वांत सुरक्षित, ही समजूतही खरी नाही. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाने ‘एक्सझेड’ या फाइली आक्रसणाऱ्या प्रोग्रामात जाणूनबुजून पेरलेले चोरदार उघडकीस आणले. दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून तो तेथवर पोहोचला होता. त्या प्रोग्रामच्या 5.6.0 आणि 5.6.1 या नव्या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर शाखेत आणि फेडोराच्या विकासशाखेत पोहोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र पोहोचल्या नव्हत्या. उबुंटूची 24.04 ही आवृत्ती तेव्हा घडत होती आणि तिच्यात ते पॅकेज ‘प्रपोज्ड’ शाखेपाशीच अडले. तरीही खबरदारी म्हणून पॅकेजे पुन्हा बांधली गेली आणि तिची बीटा आवृत्ती एक आठवडा लांबणीवर टाकण्यात आली. स्थिर शाखेची संथ गती हेच त्या वेळी कोट्यवधी संगणकांचे संरक्षण ठरले.

घाई आणि दिरंगाई यांचा समतोल साधण्यासाठी उबुंटूत टप्प्याटप्प्याने वाटपाची पद्धत आहे. सामान्य दुरुस्ती आधी थोड्याच संगणकांना दिली जाते, बिघाडाच्या तक्रारी येत नाहीत असे पाहून हळूहळू सर्वांपर्यंत नेली जाते आणि तक्रारी वाढल्यास तिथेच थांबवली जाते. काही पॅकेजे ‘मागे ठेवली’ असा संदेश दिसतो तेव्हा हे कारण असू शकते. अशा वेळी ती बळजबरीने बसवण्याची घाई करू नये.

बाहेरची भांडारे

एखाद्या प्रोग्रामची अगदी ताजी आवृत्ती हवी म्हणून ‘पीपीए’, म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा गटाने चालवलेले भांडार, किंवा एखाद्या कंपनीचे भांडार जोडण्याची प्रथा रूढ आहे. पॅकेज बसवताना त्यातल्या सूचना सर्वाधिकाराने चालतात, म्हणून भांडार जोडणे म्हणजे ते चालवणाऱ्याला आपल्या संगणकाचे सर्वाधिकार देणे होय. असे भांडार आवश्यकच असेल तर त्याची किल्ली त्याच भांडारापुरती मर्यादित ठेवावी. सगळ्या किल्ल्या एकाच सामायिक जुडग्यात टाकण्याची जुनी ‘एपीटी की’ पद्धत आता मोडीत काढली गेली आहे, कारण त्या जुडग्यातली कोणतीही किल्ली कोणत्याही भांडाराची स्वाक्षरी मान्य करू शकत असे. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ खिडकीतल्या ‘अदर सॉफ्टवेअर’ या विभागात जोडलेल्या भांडारांची यादी दिसते. वर्षातून एकदा ती वाचून ज्यांची गरज उरलेली नाही ती काढून टाकावीत.

बिघडल्यास परतीचा मार्ग

अपडेट चालू असताना वीज गेली तर काही पॅकेजे उघडलेली पण पुरती बसवून न झालेली अशी राहू शकतात. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था नोंदवून ठेवत असल्यामुळे ‘सुडो डीपीकेजी कॉन्फिगर’ ही आज्ञा सर्व पॅकेजांसाठी असलेल्या पर्यायासह दिली की अर्धवट काम बहुधा तेथूनच पुढे पूर्ण होते. नव्या कर्नलमुळे संगणक सुरू होईनासा झाला तरी मागचा कर्नल पुसलेला नसतो. सुरू होतानाच्या ‘ग्रब’ या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून तो निवडता येतो आणि काम चालू ठेवता येते. अपडेट चालू असताना एखाद्या सेटिंग फाइलविषयी जुनी ठेवायची की नवी घ्यायची असा प्रश्न आला, तर तो त्या फाइलमध्ये वापरकर्त्याने किंवा एखाद्या प्रोग्रामने पूर्वी बदल केल्यामुळे आलेला असतो. फरक समजत नसेल तेव्हा जुनी फाइल ठेवणे हा यंत्रणेनेही सुचवलेला सावध पर्याय आहे.

मोठ्या बिघाडासाठी ‘टाइमशिफ्ट’ हा प्रोग्राम उपयोगी पडतो. तो प्रणालीची त्या क्षणाची प्रत ठेवतो आणि गरज पडल्यास संगणक त्या स्थितीला परत नेतो. मिंटने 2018 च्या 19 या आवृत्तीपासून त्याला अपडेटच्या व्यवस्थेत मध्यवर्ती स्थान दिले. मात्र घरातली छायाचित्रे, पत्रे, हिशेब या वैयक्तिक फाइली त्याच्या मूळ मांडणीत वगळलेल्या असतात, म्हणून त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यावाच लागतो.

आवृत्तीचे आयुष्य

प्रत्येक आवृत्तीला अपडेट्स मिळण्याची मुदत असते आणि ती संपली की अपडेटच्या खिडकीत ‘सर्व अद्ययावत आहे’ असे दिसत राहिले तरी तो दिलासा पोकळ असतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला 5 वर्षे सामान्य आधार मिळतो, तर मधल्या आवृत्त्यांना फक्त 9 महिने. प्रो सेवेमुळे पहिल्या प्रकाराची मुदत 10 वर्षांपर्यंत वाढते. ज्याला संगणकाकडून फक्त काम हवे आहे त्याने दीर्घ मुदतीचीच आवृत्ती घ्यावी, नव्या आवृत्तीची सूचना केवळ त्याच प्रकारासाठी चालू ठेवावी आणि नवी आवृत्ती आल्यावर तिची पहिली दुरुस्त उपावृत्ती येईपर्यंत थांबावे. उबुंटू स्वतःही एका दीर्घ आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याची सूचना साधारणतः त्यानंतरच दाखवते.

लिनक्सने वापरकर्त्याला दिलेले स्वातंत्र्य मौल्यवान आहे आणि ज्यांनी ते मिळवून दिले त्यांच्यातले अनेक जण आजही विनामोबदला रात्री जागून दुरुस्त्या तयार करत असतात. त्या श्रमाचे चीज व्हायचे तर दुरुस्ती शेवटच्या संगणकापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून प्रत्येक लिनक्स वापरकर्त्याने आज आपल्या संगणकावरची अपडेटची खिडकी उघडावी, सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसतील असे पाहावे, इतर अपडेट्ससाठी आठवड्याचा एक वार ठरवावा, अनावश्यक भांडारे काढून टाकावीत आणि बॅकअप घ्यावा. अपडेट्स बंद ठेवणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.